बद्द वाजलेला खिळा

नालबंदाचे नाक डावीकडे वळलेले होते, ते एका खेचरामुळे. उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती; उरलेली अर्धी एका शिंगराच्या दातांत राहिली. खालचे पुढचे दात शर्यतीतल्या एका खानदानी घोड्याने पाडले, आणि त्याबद्दल मात्र तो थोड्या अभिमानाने बोले; पडायचेच तर चांगल्या घराण्याच्या लाथेने पडावेत, असे त्याचे म्हणणे. घोड्यांच्या पायांशी वाकण्यात ज्याचा जन्म जातो त्याच्या शरीराची अशीच मोडतोड होत जाते, आणि त्याची त्याला खंत नव्हती. जनावर मारते ते भीतीने, वेदनेने, नाहीतर निव्वळ स्वभावाने. त्यात डूख नसते. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर मात्र, अगदी सांध्यांवर, आडव्या व्रणांची एक ओळ होती, आणि ती कोणत्याही घोड्याने उमटवलेली नव्हती. ती मामाची होती.

आईच्या मागे तो आणि त्याची धाकटी बहीण मामाच्या दारात आली, कारण दुसरे दारच नव्हते. मामा त्या भागातला नाणावलेला नालबंद. पुढे दुकान, मागे राहायची खोली, आणि दोहोंच्या मध्ये भिंतीऐवजी पत्रा. त्यामुळे अंथरुणापर्यंत काजळी आणि स्वयंपाकापर्यंत जळलेल्या खुराचा वास. दुकानात भाता, ऐरण, पाण्याची दगडी कुंडी, खुंट्यांवर ओळीने टांगलेले नाल आणि जनावर बांधायला भिंतीत रोवलेली जाड कडी. त्या कडीला घोडेच बांधले जात असे नाही. भाचा चुकला की तोही बांधला जाई. मामाने त्याला विद्या दिली आणि मार दिला, आणि या दोहोंत त्याने कधी फारसा फरक केला नाही.

विद्या मात्र खरी होती. घोड्याचा खूर बाहेरून आपल्या नखासारखा निर्जीव असतो, पण आत त्याला चिकटूनच जिवंत मांस असते. नालाचा खिळा जायला या दोहोंमध्ये जी वाट असते ती जाड पुठ्ठ्याएवढीही रुंद नसते. खिळा त्या वाटेने वर सरकत जाऊन खुराच्या भिंतीतून बाहेर डोकावला पाहिजे. मग त्याचे टोक तोडायचे आणि उरलेले वळवून ठोकायचे. वाट बरोबर असेल तर दर ठोक्याला आवाज चढत जातो, टणक होतो. वाट आत वळली की आवाज बद्द होतो, जणू तडा गेलेल्या मडक्यावर टिचकी मारावी. मामाने भाच्याला आधी हातोडा धरायला शिकवलेच नाही; आधी तोंड भिंतीकडे करून उभे केले आणि ऐकायला शिकवले. आवाज ओळखताना चूक झाली की पाठीत कानस बसे.

आणि मामाचा एक कायदा होता. ठोकलेला खिळा परत उपटायचा नाही. जुना नाल काढताना जुने खिळे निघतात, त्याबद्दल काही नाही. पण आज, आता, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ठोकलेला खिळा जो उपटतो तो स्वतःच्या धंद्याचीच मुळे उपटतो. त्याचे तर्कशास्त्रही पक्के होते. घोडा कशानेही लंगडो, खड्ड्याने, म्हातारपणाने, मालकाच्या हावरटपणाने. ज्याने एकदा चूक कबूल केली त्याच्याच दारात पुढची सगळी लंगडी जनावरे येऊन उभी राहतात. खिळा आत गेलाच असेल तर जे व्हायचे ते चार-सहा दिवसांनी होईल, आणि तेवढ्या दिवसांत जनावर दहा जागी ठेचकाळलेले असते. मिसरूड फुटायच्या वयात भाच्याने एकदा बद्द वाजलेला खिळा उपटला होता. मामाने गिऱ्हाईक जाईपर्यंत हसून वेळ निभावली. मग त्याचा डावा पंजा ऐरणीवर पालथा धरला आणि खिळे उपटायची ती लांब दांड्याची पक्कड सांध्यांवर उतरवली. बहीण पत्र्यामागे उभी होती. तिने एकेक हाड ऐकले.

पुढे मामाचा एक डोळा ठिणगीने गेला आणि दुसरा वयाने. दुकान भाच्याच्या हाती आले, पण मामा भात्याशेजारच्या स्टुलावरून हलला नाही. मांडीवर ती पक्कड आडवी धरून तो दिवसभर बसे आणि ऐके. पक्कड लागली की नालबंदाने ती मागून घ्यायची, काम झाले की परत मांडीवर ठेवायची. ठोका चुकला की मामाची मान किंचित वर उचलली जाई, कुत्र्याला चाहूल लागावी तशी. नालबंदाचे केस पांढरे व्हायला लागले होते, घोड्याला तो एका हाताने अडवी. पण ती मान उचलली गेली की त्याचा डावा पंजा आपोआप मिटे.

बहिणीचे लग्न लाकडाच्या वखारीतल्या गाडीवानाशी झाले होते. वखार दुकानासमोरच्या उताराच्या पायथ्याशी. वरच्या अंगाला कापलेले ओंडके साखळदंडांनी गाडीवर आवळून खाली आणायचे, आणि त्या अरुंद वळणावर ट्रक वळत नसल्याने हे काम घोड्यांचेच राहिले होते. मेहुण्याची घोडी काजळ. नावाप्रमाणे काळीभोर, अंगावर पांढरा केस नाही. वखारीतले दोन हमाल तिने जायबंदी केले होते, आणि उरलेले तिच्या बाजूने जाताना देवाचे नाही, पण मालकिणीचे, म्हणजे नालबंदाच्या बहिणीचे, नाव घेत. मेहुण्याचा घोडीवर जीव होता आणि चाबूकही होता. हात उचलायला तो घोडी आणि बायको असा भेद फारसा करीत नसे. पण वखारीमागच्या त्या खोलीत एक सोय होती. तबेला दाराला लागून होता, आणि नवऱ्याचा आवाज चढला की बहीण काजळच्या मानेशी जाऊन उभी राही. काजळ कान मागे पाडून दात दाखवी. तिथे पाऊल टाकायची मेहुण्याची छाती होत नसे. मामाच्या घरात मार खाऊन मोठ्या झालेल्या त्या बाईला आयुष्यात मिळालेली भिंत म्हणावी अशी ती एवढीच.

त्या सकाळी काजळला नवे नाल मारायला दोघे घेऊन आली. बहिणीने दोर धरला. मेहुण्याने घोडीच्या वरच्या ओठाला काठीला बांधलेल्या दोरीचा फास घालून पिळला, कारण त्या वेदनेपुढे जनावर बाकीचे विसरते. काजळ विसरली नाही. मागचे पाय कसेबसे झाले. पुढचा उजवाही झाला. पुढचा डावा पाय नालबंदाने गुडघ्यांत धरला, आणि एक सोडून बाकीचे खिळे बसले न बसले तोच तिने मान वळवून त्याच्या कुल्ल्याचा लचका तोडला. मेहुणा हसला. म्हणाला, मेव्हणेबुवा, तिला तुमची चव आवडलेली दिसते. नालबंदाचे डोके फिरले. हातोड्याच्या दांड्याने त्याने तिच्या बरगडीवर एक, पोटावर एक असे दोन तडाखे दिले, पाय पुन्हा ओढून गुडघ्यांत आवळला आणि आतल्या बाजूचा शेवटचा खिळा रागाच्या भरात ठोकला. पहिला ठोका ठीक होता. दुसरा बद्द वाजला.

त्याचा हात थांबला. घोडीचा खांदा थरथरला. भात्याजवळ मामाची मान वर उचलली गेली होती.

दोर धरलेल्या बहिणीने विचारले, काय झाले. तो तिच्यावर खेकसला की तिने आपला दोर सांभाळावा. आणि मग खिळा शेवटपर्यंत ठोकून, टोक तोडून, वळवून, त्यावर कानस फिरवून त्याने खूर असा गुळगुळीत केला की कुठला खिळा कोणता हे त्यालाही कळू नये. मामाची मान खाली आली. म्हातारा समाधानाने पुटपुटला, की भट्टी आज चांगली तापली आहे.

चार दिवस काजळ चालली. पाचव्या दिवशी उतारावर एक ओंडका साखळीतून निसटला आणि तिच्या डाव्या खांद्याला घासून गेला. कातडे सोलले, बाकी काही नाही. पण दुसऱ्या दिवशी ती डाव्या पायावर भार देईना. तो पाय टेकला की तिची मान झटक्याने वर जाई. दुखरा पाय जमिनीला लागताना घोडा डोके वर उचलतो, अंगाचा भार आकाशात टांगावा तसा. मेहुण्याला वाटले, अंगचोरपणा. त्याने तिला चाबकाने उतारावर हाणले. ती तीन पायांवर उड्या मारीत गेली, वळणावर कोसळली, आणि मागून आलेल्या ओंडक्यांनी गाडीचे एक चाक तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर भुईत रोवले. तिला उठवायला सहा हमाल लागले, आणि त्यातला एक दंडावर तिचा चावा खाऊन परतला.

डॉक्टरबाई आल्या. जनावरांच्या डॉक्टर, त्या टापूत एकट्याच, कायम कुठल्या तरी गायीच्या पोटातून नुकताच हात बाहेर काढल्यासारख्या. काजळ त्यांना पायाशी येऊ देईना. त्यांनी दुरूनच पाहिले आणि सरळ सांगितले की खांद्याचे नंतर बघू, आधी नालबंदाकडून नाल काढून घ्या. घोडा लंगडला की आधी खूर बघायचा, वर नंतर जायचे. संध्याकाळपर्यंत येते म्हणून गेल्या आणि दोन गावांपलीकडे एका अडलेल्या म्हशीपाशी अडकल्या.

मेहुणा नालबंदाला बोलवायला आला. नालबंद खाली गेला. बहिणीने घोडीची मान धरली आणि त्याने डाव्या खुरावर तळवा टेकला. खूर भट्टीतून काढल्यासारखा तापला होता. घोट्याच्या मागे बोट ठेवले तर नाडी अशी उसळत होती की बोट उचलले जावे. आत पू साठला होता. खुराची भिंत फुगत नाही, ताणत नाही. आत थेंबभर पू झाला तरी तो कोंडतो, आणि अंगाचा सगळा भार त्या थेंबावर पडतो. अशा पायाचे जनावर हाड मोडल्यासारखे लंगडते, आणि हाड मोडले समजून माणसे त्याला गोळी घालतात. उपाय सोपा होता. खिळा उपटायचा, तळाला भोक पाडायचे, घाण वाहू द्यायची. हे सगळे नालबंदाला तळवा टेकता क्षणी कळले. बहीण त्याच्याकडे बघत होती.

"खुरात काही नाही," तो म्हणाला. "खांदाच आहे."

ज्याने नाल मारला तोच सांगतो म्हटल्यावर मेहुण्याला डॉक्टरबाईंची गरज उरली नाही. गाडीवानांमध्ये खांद्याच्या दुखण्यावर एकच उपाय चालत आलेला होता, डाग. आणि डाग द्यायचा तर तापलेले लोखंड हवे, आणि लोखंड तापवायचे तर नालबंदच हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी नालबंदाने आपल्या भट्टीत बोटभर जाडीची सळई लाल केली आणि आपल्या हाताने, आपल्या पायांनी उतारावरून खाली नेली. रस्त्यातली माणसे बाजूला होत होती. त्याला वाटले, कोणीतरी अडवेल. कोणी अडवले नाही.

काजळला दोन खांबांच्या मध्ये आडवे वासे लावून कोंडले होते. मेहुण्याने ओठाचा फास पिळला. नालबंदाने पहिली रेघ ओढली. केस जळल्याचा वास त्याच्या ओळखीचा होता. त्याच्यापाठोपाठ आला तो, जळत्या मांसाचा, नव्हता. दुसऱ्या रेघेला घोडी ओरडली. घोडा खिंकाळतो, फुरफुरतो. ओरडत नाही, निदान नालबंदाने इतक्या वर्षांत ऐकले नव्हते. तिसऱ्या रेघेला वासा मोडला. तिने अंग टाकले आणि मेहुणा तिच्या बरगड्यांच्या आणि तबेल्याच्या भिंतीच्या मध्ये सापडला. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला, लाकडाचा नव्हे. मेहुणा भिंतीवरून घसरत खाली बसला, तोंड उघडे, श्वास आत जात नव्हता. नालबंदाने हातातली सळई टाकली. ती गवतावर पडली, आणि बहिणीने ती गवतासकट पायाने बाहेर ढकलली आणि विझवली. मेहुण्याच्या काखांत हात घालून तिने त्याला बाहेर ओढले. भावाकडे बघितलेही नाही.

मेहुण्याच्या तीन बरगड्या गेल्या. त्याने छाती करकचून बांधून घेतली आणि वखारीच्या राखणदाराला निरोप धाडला की उद्या सकाळी बंदूक घेऊन ये. घोडी आता माणसे मारील, आणि खांदा तर गेलाच आहे.

सकाळी नालबंद भट्टी न पेटवता बसून होता. मामाला ते आवाजावरून कळले. गोष्ट निघावी तशी म्हाताऱ्याने विचारले, तो शेवटचा खिळा होता ना. मामा म्हणाला की त्याने तेव्हाच ऐकले होते. असे खिळे त्याच्याही हातून गेले. कोणते जनावर जगले, कोणते गेले, हे त्याने कधी विचारायला जाऊन धंद्याचा खोळंबा केला नाही. भाच्याने काल केले ते उत्तम केले. आता आणखी एक दिवस तोंड मिटून काढला की झाले.

तेवढ्यात बहीण आली. चढ चढून आली होती, तरी धापा टाकीत नव्हती. तिने मामाकडे पाहिले नाही. भावाच्या समोर ऐरणीच्या कडेवर बसली आणि हळू आवाजात बोलली.

"दादा, तुझा हात थांबला होता."

तो थंड भट्टीतली राख सळईने उकरत राहिला.

"याच घरात वाढले मी. हात कधी थांबतो ते मला ठाऊक आहे. राखणदार येऊन बसलाय, चहा पितोय. तो संपायच्या आत काय ते ठरव."

ती उठून गेली. नालबंदाने भिंतीवरचा खूर कोरायचा चाकू घेतला, कानस घेतली, आणि मामासमोर उभा राहिला.

"पक्कड द्या, मामा."

"जुना नाल काढायचाय का?"

"नाही."

मामाने दोन्ही हातांनी पक्कड छातीशी धरली. नालबंदाने दांडे पकडले. म्हातारा आंधळा होता, पण त्याचे मनगट अजून लोहाराचे होते. त्याने पक्कड फिरवून भाच्याच्या भुवईवर हाणली. रक्त डोळ्यात उतरले. दुसऱ्या वेळी तीच पक्कड त्याच डाव्या पंजावर, त्याच सांध्यांवर आली, जणू हाताला वाट पाठ होती. नालबंदाने पंजा मागे घेतला नाही. तो मामावर पडला. स्टूल उलटले, दोघे भात्यावर कोसळले, आणि बापाच्या वयाच्या त्या माणसाच्या छातीवर गुडघा देऊन त्याने एकेक बोट उलगडले. मामाने त्याच्या मनगटाचा चावा घेतला आणि सोडेना. नालबंदाने त्याच्या मुस्काटात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. म्हाताऱ्याचे दात सुटले.

"धंदा बुडवलास, भाच्या," तो जमिनीवरून म्हणाला. "भिकेला लागशील."

नालबंद एका डोळ्याने बघत उतारावरून पळाला. राखणदार बंदूक भरत होता. काजळ तबेल्याच्या दाराशी डावा पाय पुढे टेकवून, मान खाली घालून उभी होती. खांद्यावरच्या रेघा ओल्या होत्या. मेहुणा भिंतीला टेकून बसला होता.

"थांबा. खांदा नाही," नालबंद म्हणाला. "खिळा आत गेलाय. माझा. मला तेव्हाच कळलं होतं."

कोणी काही बोलायच्या आत त्याने पाय उचलून गुडघ्यांत घेतला. फास नाही, वासे नाहीत. बहिणीने फक्त मान धरली. त्याने कानशीने वळलेली टोके घासली आणि एकेक खिळा उपटायला सुरुवात केली. निघालेला प्रत्येक खिळा कोरडा, चकचकीत. शेवटच्या खिळ्याला पक्कड लागताच घोडी त्याच्या पाठीवर आली. खांद्याच्या पात्याखाली तिचे दात रुतले आणि तिथेच राहिले. नालबंद ओरडला, पण पाय सोडला नाही. खिळा निघाला तो काळा आणि ओला होता, आणि त्याच्या मागोमाग राखाडी पाणी चिळकांडीसारखे उडून त्याच्या मांडीवर आले. वास असा की राखणदार दोन पावले मागे सरला. नालबंदाने चाकूच्या वाकड्या टोकाने तळाला भोक पाडले. घोडीचे दात आणखी आत गेले. त्याने भोक मोठे केले. घाण वाहत राहिली, मग तिच्यात रक्त आले, ताजे, लाल, आणि तेव्हा त्याने पाय खाली ठेवला.

काजळने आधी टोक टेकवले. मग टाच. मग, सावकाश, अंगाचा भार. आणि मगच तिने त्याची पाठ सोडली.

राखणदाराने बंदुकीतली गोळी काढून खिशात टाकली. मेहुणा उठला. एका हाताने बरगड्या धरून त्याने दुसऱ्या हाताने चाबूक उचलला, जाड टोकाकडून, आणि नालबंदाच्या तोंडावर हाणला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. नालबंद गुडघ्यावर आला. त्याने हात वर केला नाही. बहीण बघत उभी होती. तिने घाई केली नाही. काल ओढलेल्या रेघांएवढे तडाखे झाले, तेव्हा तिने नवऱ्याचे मनगट धरले.

"पुरे," ती म्हणाली. "आता पाणी तापवायला कोणीतरी शुद्धीवर पाहिजे."

डॉक्टरबाई दुपारी आल्या. घोडीला धनुर्वाताची सुई टोचली, मग नालबंदाचा सदरा वर करून पाठ पाहिली, आणि घोडीच्या तोंडात डोकावून शांतपणे म्हणाल्या की हिचे दात ठीक आहेत, आता याला टोचते. नाल काढायला सांगितले होते त्याबद्दल त्या एक अक्षरही बोलल्या नाहीत. नालबंदाला ते जास्त लागले.

त्यानंतर रोज सकाळी तो खाली जाई. मिठाच्या गरम पाण्याच्या बादलीत काजळचा पाय धरून बसे, मग कोंड्याचे गरम पोटीस खुरावर बांधून वर गोणपाट आवळी. मेहुणा त्याच्याशी बोलत नसे. बहीणही फारशी नाही. एकदा तिने फक्त विचारले, की डाग देताना त्याला काय वाटत होते. तो म्हणाला, मामा ऐकतो आहे असे वाटत होते. तिने मान हलवली. तिला उत्तर समजले होते, पण त्याने काही बदलले नव्हते. खपल्या पडल्यावर खांद्यावर केस आले ते पांढरे. काळ्या घोडीवर तीन पांढऱ्या रेघा. उतारावरून जाणारा कोणीही जाणकार थांबून म्हणे की हिचा खांदा गेला होता वाटते, डागामुळे बरा झाला. मेहुणा लगाम ओढी.

मामाचे भाकीत निम्मे खरे ठरले. बोभाटा झाला, आणि बरीच गिऱ्हाइके पलीकडच्या रस्त्यावरच्या नालबंदाकडे गेली. दर लंगडे जनावर आता याच्या नावावर खपू लागले. जी राहिली ती पाय धरल्यावर त्याच्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून बघत. पक्कड आता भिंतीवरच्या खुंटीला असे. मामाने ती परत मागितली नाही. तो स्टुलावर बसे, मोकळे हात मांडीवर, आणि ऐके.

काजळला पुन्हा नाल मारायची वेळ आली तेव्हा मेहुण्याला दुसरीकडे जायचे होते. बहिणीने दोर धरला आणि सरळ इकडे आली. मेहुणा मागून पावलभर अंतर राखून. डाव्या पायाच्या आतल्या बाजूला नालबंद पोचला तेव्हा दुकानात कोणी खोकलेही नाही. पहिला ठोका टणक वाजला. दुसरा, कोणास ठाऊक, खुरात जुन्या भोकाची पोकळी राहिली होती म्हणून असेल, किंचित बद्द वाजला. किंवा वाजला असे त्याला वाटले. मामाची मान वर झाली.

नालबंदाने खुंटीवरची पक्कड घेतली आणि सगळ्यांच्या देखत खिळा उपटला.

"उपटलास?" मामाने विचारले.

"उपटला."

म्हाताऱ्याने तळवा पुढे केला. नालबंदाने खिळा त्यावर ठेवला. मामाने तो अंगठ्याने लांबीभर चाचपला, आणि मग, जे त्याने जन्मात कधी केले नव्हते ते केले. खिळा नाकाशी नेला आणि हुंगला.

"कोरडा आहे," तो म्हणाला. "उगाच उपटलास."

नालबंदाने दुसरा खिळा ओठांत धरला आणि पाय पुन्हा गुडघ्यांत घेतला. काजळने मान वळवली. बहिणीने दोर आवळला, पण तिला उशीर झाला होता.